गाऱ्हाणे देवाला, मत कोणाला?

गोव्यात निवडणूक जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी घरपट्टी आणि मुंडकारांच्या खटल्यांबद्दल विचारणारे वाचक देऊळ, कपेल (लहान चर्च), सभामंडप आणि उमेदवार यांच्याबद्दल विचारू लागतात. या वेळची पत्रे त्यांतूनच निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत. उत्तरे निवडणूक कायद्याचे काम करणाऱ्या आमच्या सल्लागारांची आहेत.

प्रश्न : आमच्या गावच्या इच्छुक उमेदवाराने ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवला, ‘ह्या तुज्या लेंकराक यश दी’ असे गाऱ्हाणे घालून घेतले आणि सगळ्याचा व्हिडिओ फेसबुकवर टाकला. ही आचारसंहिता मोडणे नाही का? (फोंडा तालुका)

नाही. देवळात जाणे, कौल घेणे, गळ्यात क्रूस घालणे, नमाज पढणे हा उमेदवाराचाही हक्क आहे, आणि दर्शनाचा फोटो टाकल्याने तो जात नाही. कायदा श्रद्धेला हात लावत नाही. त्या श्रद्धेच्या नावाने मत मागितले की मात्र लावतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) प्रमाणे धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारावर ‘याला मत द्या’ किंवा ‘त्याला देऊ नका’ असे आवाहन करणे हे भ्रष्ट आचरण ठरते. मतांसाठी धार्मिक चिन्हे वापरणेही त्याच कलमात येते. पक्षाला रीतसर मिळालेले निवडणूक चिन्ह मात्र धार्मिक चिन्ह मानले जात नाही.

धर्म कोणाचा, यावर बरीच वर्षे वाद होता. कलमात ‘त्याचा धर्म’ असे शब्द आहेत. ‘त्याचा’ म्हणजे फक्त उमेदवाराचा, असे धरले तर मतदाराच्या धर्माला हाक मारणारा सुटत असे. २ जानेवारी २०१७ रोजी अभिराम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी ही पळवाट बुजवली. आता उमेदवार, प्रतिस्पर्धी, मतदार, यांतल्या कोणाच्याही धर्माच्या नावाने मत मागितले तरी ते कलमाखाली येते.

म्हणून व्हिडिओतला नारळ पाहू नका, शब्द ऐका. ‘यश दी’ ही प्रार्थना झाली. तेच गाऱ्हाणे लाउडस्पीकरवर, जमलेल्या गावापुढे, ‘आपल्या देवाला मानणाऱ्यालाच मत घाला’ इथवर गेले तर प्रकरण वेगळे होते.

तुमच्या पत्रात आणखी एक शब्द महत्त्वाचा आहे : ‘इच्छुक’. या कायद्यासाठी माणूस उमेदवार होतो तो रीतसर नामनिर्देशन झाल्यावर. त्याआधीच्या भाषणांवरून भ्रष्ट आचरण सिद्ध होत नाही, असे न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे. पक्षांचे वकील हे चांगले जाणतात, त्यामुळे सर्वांत झणझणीत भाषणे बहुधा अर्ज भरण्याआधीच उरकलेली असतात.

प्रश्न : एका उमेदवाराची भाषणे उघड धार्मिक आहेत. आम्ही निवडणूक कार्यालयात तक्रार केली. नोटीस गेली, उत्तर आले, विषय संपला. मग कलम १२३ काय कामाचे? (डिचोली)

तुम्ही एक दार ठोठावले आणि दुसऱ्या दारातून कोणी येईल म्हणून थांबलात. ही दारे तीन आहेत आणि प्रत्येकामागे बसलेला माणूस वेगळा आहे.

आचारसंहिता हा विधिमंडळाने केलेला कायदा नाही. ‘मतांसाठी जातीय किंवा धार्मिक भावनांना आवाहन करू नये; मशीद, चर्च, देऊळ यांचा प्रचारासाठी व्यासपीठ म्हणून वापर करू नये’ असे ती सांगते. ती मोडली तर निवडणूक आयोग नोटीस देतो, ताकीद देतो, फार तर काही तास प्रचारबंदी घालतो. एप्रिल २०१९ मध्ये आयोगाने योगी आदित्यनाथ यांना ७२ तास आणि मायावती यांना ४८ तास प्रचारापासून दूर ठेवले, ते याच अधिकारात. त्याने कोणाची आमदारकी जात नाही.

दुसरे दार पोलिसांचे. निवडणुकीच्या संदर्भात धर्माच्या आधारावर वैर पसरवणे हा त्याच १९५१ च्या कायद्याच्या कलम १२५ खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम १९६ ही सोबत लागू शकते. इथे दोष सिद्ध झाला तर नुसत्या दंडावरही सहा वर्षांची अपात्रता येते. पण ‘आमच्या धर्माच्या माणसाला मत द्या’ एवढ्याने वैर पसरले असे होत नाही. दुसऱ्या समाजाविरुद्ध चिथावणी असावी लागते.

तिसरे दार उच्च न्यायालयाचे, म्हणजे आपल्यासाठी पर्वरीचे, आणि कलम १२३ फक्त तिथेच चालते. निकाल लागल्यावर निवडणूक याचिका दाखल होते. भ्रष्ट आचरण सिद्ध झाले तर निवड रद्द होते आणि राष्ट्रपती सहा वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतात. डिसेंबर १९८७ ची मुंबईतली विलेपार्ले पोटनिवडणूक अशीच गेली. डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली, सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ रोजी ते कायम केले, आणि प्रचारातल्या भाषणांमुळे बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकारही पुढे सहा वर्षांसाठी काढून घेतला गेला. भाषण करणारा स्वतः उमेदवार नसला तरी उमेदवाराची संमती असेल तर दोघेही अडकतात, हा त्यातला धडा.

त्याच दिवशी त्याच न्यायालयाने मनोहर जोशी यांची निवड मात्र कायम ठेवली. ‘महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य स्थापन होईल’ हे वाक्य कितीही आक्षेपार्ह असले तरी ती फार तर एक आशा आहे, धर्माच्या नावाने मत मागणे नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की किती बारीक दोरीवर हा कायदा चालतो ते कळते. आमच्या मते ती दोरी जरा जास्तच बारीक आहे.

प्रश्न : मागच्या निवडणुकीत कार्यकर्ते घरी आले, पाकीट दिले आणि देव्हाऱ्यातल्या नारळावर हात ठेवून ‘आमकांच मत’ असे वदवून घेतले. सासूबाई अजून धास्तावलेल्या आहेत. मत दुसऱ्याला दिले तर त्यांना कळते का? (सत्तरी)

कळत नाही. मतदान यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. तिच्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असते, मतदाराचे काहीच नसते. मोजणीच्या वेळी प्रत्येक मतदारसंघातल्या सोडतीने निवडलेल्या पाच केंद्रांवरच्या चिठ्ठ्या मोजतात, त्याही फक्त यंत्राशी आकडा जुळवण्यासाठी.

कळते ते वेगळेच. मतमोजणीनंतर फॉर्म २० मध्ये केंद्रनिहाय आकडे जाहीर होतात. गोव्यात विधानसभेचे ४० मतदारसंघ, आणि एकेका केंद्रावर मतदार काही शेच. त्यामुळे ‘तुमच्या वाड्याने दगा दिला’ हे कार्यकर्ता आकडा दाखवून सांगू शकतो आणि ऐकणाऱ्याला वाटते, आपले मतच उघडे पडले. उघडी पडली ती केंद्राची बेरीज. सासूबाईंना एवढे नीट समजावले तरी निम्मी भीती जाईल.

उरलेली निम्मी देवाची. नारळ फिरवल्याने देवाशी काय नाते बदलते हे तुमच्या भटजींना विचारा, ते आमचे क्षेत्र नाही. कायदा मात्र इथे अगदी स्पष्ट आहे. कलम १२३(२) मध्ये ‘गैरवाजवी दबाव’ सांगताना देवाच्या कोपाचा किंवा धार्मिक बहिष्काराचा धाक घालणे हे नाव घेऊन नमूद केले आहे. या कायद्यातली ही एकच जागा जिथे देवाचा राग कलमात लिहिलेला सापडतो. १९५९ मध्ये राम दयाल खटल्यात एका पंथाच्या गुरूने अनुयायांना अमुक उमेदवारालाच मत देण्याचा हुकूम काढला होता. अनुयायाला तो मोडण्याची सोयच उरत नाही, म्हणून तो गैरवाजवी दबाव ठरला. पाकीट ही वेगळी लाच आहे, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० प्रमाणे मतासाठी लाच घेणाराही गुन्हेगार असतो, हेही लक्षात ठेवा.

पुढच्या वेळी दारात नारळ आला तर वाद घालत बसू नका. किती वाजले, कोण आले, नेमके काय बोलले, हे ते गेल्याबरोबर कागदावर लिहा आणि १९५० वर फोन करा.

प्रश्न : मी देवस्थान समितीवर आहे. उमेदवार जत्रेच्या नाटकाचा सगळा खर्च उचलतो म्हणतो. बदल्यात पडदा उघडण्याआधी पाच मिनिटे ‘शुभेच्छा’ देणार. महाजनांत दोन तट पडले आहेत. (पेडणे)

पाच मिनिटे त्याची, पण अडकणार तुम्ही. धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) कायदा, १९८८ हा उमेदवारासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. देवस्थानाची जागा राजकीय कामासाठी वापरू देणे, देवस्थानाचा पैसा त्यासाठी वापरणे, उत्सव, मिरवणूक किंवा मेळाव्याचा राजकीय वापर होऊ देणे, हे सगळे त्यात बसते. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्या व्यवस्थापकाचे पद जाते आणि पुढची सहा वर्षे त्याला दुसऱ्या धार्मिक संस्थेतही पद घेता येत नाही. कपेल, चर्च, मशीद, मठ, सगळ्यांना हेच. फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) प्रेजेंताला, म्हणजे यजमानाला, आणि जत्रेच्या समितीला कायदा एकाच पंगतीत बसवतो.

दान घ्यायला बंदी नाही. घोटाळा होतो तो दान, सत्कार आणि माइक एका संध्याकाळी एकत्र आल्यावर. दानामागे मतांचा सौदा होता का, हे न्यायालय दानाची तारीख आणि त्या वेळचे शब्द पाहून ठरवते. वर्षानुवर्षे नाटकाला देणगी देणाऱ्याने या वर्षीही दिली तर सौदा दाखवणे कठीण. आजवर कधी न दिसलेल्याने अर्ज भरल्यावर तिसऱ्या दिवशी दिली आणि त्याच रात्री रंगमंचावर आला, तर सोपे.

आचारसंहिता लागू होण्याआधीच समितीची बैठक घ्या आणि इतिवृत्तात ठराव लिहा : निवडणूक संपेपर्यंत कोणाही उमेदवाराचा किंवा पक्षाच्या पदाधिकाऱ्याचा सत्कार नाही, त्याच्या नावाचा फलक आवारात नाही, निवेदनाचा माइक समितीने नेमलेल्या एकाच व्यक्तीकडे. ठरावाची प्रत मामलेदारांना द्या. देणगी आली तर पावती त्याच दिवसाची, देणाऱ्याच्या खऱ्या नावाची फाडा. ‘एक भक्त’ अशी पावती नको, पुढे तीच गळ्यात येते. उमेदवाराने देवदर्शनाला यावे, तीर्थप्रसाद घ्यावा, रांगेत बसून नाटक बघावे. उभे राहून हात जोडले तरी हरकत नाही. निवेदकाने ‘आमचे भावी आमदार उपस्थित आहेत’ म्हटले की बिघडले, आणि हे वाक्य निवेदकाच्या तोंडून उत्साहात निसटतेच. त्याला आधी बसवून समजवा.

हिशेबाची बाजूही आहे. २०२२ पासून गोव्यात विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा २८ लाख रुपये आहे. नाटकाच्या रंगमंचावर प्रचार झाला तर निवडणूक खर्चाचे पथक तो खर्च त्याच्या खात्यात धरू शकते. हे सांगितलेत की बहुतेक उमेदवार ‘शुभेच्छा’ आपणहून मागे घेतात.

प्रश्न : चर्चमध्ये मिसेला मतदानाबद्दल सांगतात. तेव्हा कोणी काही बोलत नाही, आणि मठाच्या स्वामींनी तोंड उघडले की गहजब. (सासष्टी)

कसोटी दोघांनाही एकच आहे. ‘मतदान करा, प्रामाणिक माणूस निवडा, संविधान जपा’ हे पाद्रीने सांगितले काय किंवा स्वामींनी, कलम १२३ त्यात येत नाही. उमेदवाराचे किंवा पक्षाचे नाव घेऊन, किंवा न घेताही सगळ्यांना कळेल असे सांगून, धर्माच्या नावाने मत मागितले, आणि उमेदवाराची त्याला संमती असली, तर येते. संमती हा शब्द सोडू नका. धर्मगुरू आपल्या मनाने बोलला असे ठरले तर उमेदवार सुटतो. अर्थात चर्चच्या किंवा मठाच्या जागेत प्रचार झाला तर १९८८ चा कायदा उरतोच.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात नसते. स्वधर्मीय प्रतिस्पर्ध्याला ‘हा खरा आपल्यातला नव्हे’ म्हणणेही तितकेच महागात पडते. मुंबईत १९७२ च्या विधानसभा निवडणुकीत झियाउद्दीन बुखारी यांनी आपल्याच धर्माच्या प्रतिस्पर्ध्याबद्दल तसे म्हटले आणि १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही त्यांची निवड टिकली नाही.

प्रश्न : २०२२ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांनी देवापुढे पक्षांतर न करण्याची शपथ घेतली होती. ती मोडल्याबद्दल न्यायालयात जाता येईल? (मडगाव)

येणार नाही. २२ जानेवारी २०२२ रोजी पणजीचे महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा खुरीस (क्रूस) आणि बेतीचा दर्गा अशा तिन्ही ठिकाणी ती शपथ झाली. १४ सप्टेंबरला अकरापैकी आठ आमदार भाजपमध्ये गेले. त्यांतले दिगंबर कामत यांनी आपण पुन्हा देवळात जाऊन देवाला विचारल्याचे पत्रकारांना सांगितले. कायद्याला या दोन्ही भेटी सारख्याच अदृश्य आहेत. पक्षांतराचे माप घटनेच्या दहाव्या परिशिष्टात आहे आणि तिथे प्रश्न एकच : विधिमंडळ पक्षाचे दोन तृतीयांश सदस्य विलीनीकरणाला तयार होते का? अकरातले आठ म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त.

प्रश्न : ‘मराठीला राजभाषेचा दर्जा मिळवून देईन, मला मत द्या’ असे म्हटले तर कलम १२३(३) मध्ये ‘भाषा’ आहे म्हणून पकडतील का? (म्हापसा)

नाही. १९६४ च्या जगदेव सिंग सिद्धांती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद केला. भाषा जपण्यासाठी, वाढवण्यासाठी काम करीन हे राजकीय आश्वासन आहे. आपली भाषा जपण्याचा हक्क घटनेच्या कलम २९ नेच दिला आहे. ‘मी मराठी बोलतो, तो कोंकणी बोलतो, म्हणून मला मत द्या’ हे मात्र भाषेच्या आधारावरचे आवाहन. शाळेच्या माध्यमावर, राजभाषा कायद्यावर, अनुदानावर हवे तेवढे बोला. गोव्यात धर्म, भाषा आणि पक्ष यांची गाठ १९६३ च्या पहिल्या निवडणुकीतच बसली, मराठीच्या बाजूच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला (मगो) तीसपैकी १६ आणि कोंकणीच्या बाजूच्या युनायटेड गोवन्स पक्षाला १२ जागा मिळाल्या तेव्हा. म्हणून इथे भाषेवरचे वाक्य कधी धर्माच्या वाक्याचे काम करते ते श्रोत्याला बरोबर कळते. न्यायालयापुढे मात्र उच्चारलेले शब्दच जातात.

प्रश्न : याचिका करायचीच ठरवली तर काय सांभाळावे? आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली क्लिप आहे. (सांगे)

मग तुमच्याकडे जवळजवळ काहीच नाही. फॉरवर्ड झालेल्या क्लिपला तारीख नाही, जागा नाही, चित्रण करणारा नाही, मागचेपुढचे वाक्य कापलेले. भ्रष्ट आचरणाचा आरोप फौजदारी खटल्याइतक्याच कडक पुराव्याने सिद्ध करावा लागतो. याचिका हरतात त्या बहुधा इथे.

क्लिप ज्याने काढली तो माणूस आधी शोधा. मूळ फोन विकू नका, रीसेट करू नका. मूळ फोन न्यायालयात आणून मालकाने साक्ष दिली तर तो थेट पुरावा. प्रत द्यायची असेल तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, आणि त्यात फाइलचा हॅश आकडा, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा आकडा, द्यावा लागतो. हे प्रमाणपत्र टाळता येत नाही, हे २०२० मध्ये जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेल्या अर्जुन खोतकर खटल्यात ठरले. भाषण कोंकणीत असेल तर शब्दशः उतरवून घ्या आणि भाषांतर जाणकाराकडून करवा. ‘आमचो’ म्हणजे आमच्या गावचा की आमच्या धर्माचा, यावर उलटतपासणीत अर्धा दिवस जाऊ शकतो.

सभा चालू असतानाच निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर चित्रण करणे सर्वांत बरे. दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ जागेसह जातो, गॅलरीतली जुनी फाइल ते घेत नाही, आणि तक्रारीवर १०० मिनिटांत कार्यवाही व्हावी असे वेळापत्रक आहे. भरारी पथकाने तिथे येऊन केलेली सरकारी नोंद पुढे तुमच्या साक्षीदारापेक्षा जास्त वजनाची ठरते.

याचिका मतदारसंघातला मतदार किंवा उमेदवार करू शकतो. मुदत निवड जाहीर झाल्यापासून ४५ दिवस. सेहेचाळिसाव्या दिवशी कोणतेही कारण चालत नाही, उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयालाच नाही. अनामत २,००० रुपये, याचिकेसोबतच. कोणी, कुठे, कोणत्या तारखेला, काय म्हटले याचा पूर्ण तपशील, आणि फॉर्म २५ मधले शपथपत्र. ज्या उमेदवारावर भ्रष्ट आचरणाचा आरोप आहे तो हरलेला असला तरी त्याला प्रतिवादी करावे लागते. जितके प्रतिवादी तितक्या प्रती, आणि प्रत्येकीवर ‘खरी प्रत’ म्हणून तुमची स्वतःची सही. वकिलाने शेवटच्या दिवशी घाईत केलेली याचिका पडते ती या प्रतींवर आणि राहून गेलेल्या प्रतिवादीवर. भाषणापर्यंत सुनावणी पोचतच नाही.

याचिका सहा महिन्यांत संपवावी असे कायदा म्हणतो. म्हणतो एवढेच.

प्रश्न : मोफत तीर्थयात्रेचे आश्वासन ही लाच नाही का? (वास्को)

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये आम आदमी पक्षाने गोव्यात हिंदूंना अयोध्या, ख्रिस्तींना वेलंकणी, मुसलमानांना अजमेर आणि साईभक्तांना शिर्डी असे आश्वासन दिले, तेव्हाही हा प्रश्न आला होता. जाहीरनाम्यातले आश्वासन हे कलम १२३ प्रमाणे भ्रष्ट आचरण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सुब्रमण्यम बालाजी खटल्यात म्हटले आहे. उमेदवाराने स्वखर्चाने बस भरून प्रचाराच्या दिवसांत लोकांना शिर्डीला नेले तर मात्र ती जाहीरनाम्याची गोष्ट राहत नाही. ती लाच.

प्रश्न : मतदानाच्या दिवशी कपाळावर टिळा, गळ्यात क्रूस, डोक्यावर टोपी घालून जावे का? (काणकोण)

रोज घालता तसे जा. केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार करायला आणि निवडणुकीशी संबंधित चिन्ह मिरवायला बंदी आहे, कलम १३० प्रमाणे. टिळा हे निवडणुकीचे चिन्ह नव्हे. पक्षाचे चिन्ह छापलेली शाल मात्र देवळातून प्रसाद म्हणून मिळालेली असली तरी बाहेर ठेवावी लागेल. दंड २५० रुपयांपर्यंत, १९५१ च्या कायद्यातला.